रांजणाचं झाकण

शरणूअण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी कलबुर्गीत, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, पीयूसीच्या, म्हणजे आमच्याकडच्या अकरावी-बारावीच्या, सराव परीक्षेचे इंग्रजीचे पेपर तपासत होते. फोन बिदरलगतच्या नौबादहून, वहिनींचा. "ताई, सकाळी छातीत कसंतरी व्हायलंय म्हणले. दवाखान्यात नेस्तोवर..." एवढंच त्या बोलल्या आणि पुढं नुसता श्वास ऐकू येत राहिला. मी "निघते" म्हटलं. फोन ठेवला, हातातला पेपर शेवटपर्यंत तपासला, गठ्ठ्याला दोरी बांधली आणि मग उठले. शेजारच्या बाईंनी काय झालं विचारलं. चुलतभाऊ वारला, म्हटलं. त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मला चटकन रडू येत नाही, आमच्या घरात त्याबद्दल माझं नावच आहे. हुमनाबादमार्गे बिदरला पोचेपर्यंत दुपार झाली. अण्णाला भिंतीशी टेकवून बसवलेलं होतं, आमच्यात बसवूनच माती देतात. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. कुणाकडं पाहुणा म्हणून गेला की तो असाच बसायचा, पाठ ताठ आणि हात मांडीवर. जरा ऐसपैस बस म्हटलं तरी बसायचा नाही.

त्याच्या आधीच्या पंधरवड्यात एका रविवारी त्याचा फोन आला होता. "कल्पे, नौबादला कधी येयलीस?" मी म्हटलं, पेपर तपासायलेय, पुढच्या महिन्यात बघते. "एक गंमत दावायची हाय तुला." फोनवरच सांग की, म्हटलं. "फोनवर सांगायसारखी न्हाई गं. तू ये अन् बघ." मला वाटलं, घराला नवीन रंग दिला असेल, नाहीतर परसात लावलेल्या डाळिंबाला फळ धरलं असेल. अण्णाच्या गमती साधारण त्याच आकाराच्या असायच्या. "बरं बरं, सवडीनं ये," तो म्हणाला आणि नेहमीप्रमाणं आधी मी फोन ठेवायची वाट बघत थांबला. मी ठेवला.

मी मूळची करजगीची. दहावीनंतर मला बिदरला पीयूसीला घातलं आणि राहायला ठेवलं नौबादला, थोरल्या काकांकडं. शरणूअण्णा त्यांचा एकुलता मुलगा, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. तो तेव्हा जवळच्याच कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामावर कामाला होता. माल उतरवून घ्यायचा, चढवून द्यायचा आणि किल्ल्या सांभाळायच्या. कन्नड शाळेत शिकलेला, घरात मराठी, गोदामात दखनी. इंग्रजीशी मात्र त्याचं कधी जमलं नाही. त्याची आई, तिला आम्ही दोड्डव्वा म्हणायचो, शिस्तीची बाई होती. परक्याच्या घरी गेलं की चुलीकडच्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, कुठल्याही भांड्याचं झाकण उचलायचं नाही आणि घरच्या माणसाला सांगितल्याशिवाय निघायचं नाही, हे तिचे तीन नियम. आमच्याकडं हे बऱ्याच घरांत आहे. दुसऱ्याच्या भांड्याचं झाकण उचलणं म्हणजे तुमच्याकडं काय शिजलंय, किती उरलंय हे तपासणं. मला हे नियम पाठ होते, अण्णाच्या ते हाडात होते. हा फरक मला फार उशिरा कळला.

मी तिथं गेले त्याच वर्षी अण्णा गोदामाच्या कामासाठी हैदराबादला गेला आणि येताना टॉवेलात गुंडाळून एक जुना गेमचा डबा घेऊन आला. टीव्हीला जोडायचा, दोन वायरी, एक कंट्रोलर आणि एकच तबकडी. तबकडीवरचं नाव घासून गेलेलं. आम्हाला वाटलं होतं मोटारींची शर्यत असेल. निघालं भलतंच. एक देश, त्यातल्या डोंगरमाथ्यांवरचे दीपस्तंभ एकेक करून विझलेत आणि एक तेलवाहू पोरगा दोन सोबती घेऊन ते पेटवायला निघालाय. बाकी सगळी बोलणी. पडद्यावर खाली चौकोन यायचा आणि त्यात इंग्रजी ओळी. गेमचं खरं नाव मी इथं देत नाही, दिलं तरी कुणाला ओळखीचं वाटायचं नाही. त्या काळात गाजलेल्या गेमांच्या यादीत तो कुठंच नव्हता. पुढं इंटरनेटवर त्याच्याविषयी जे चार शब्द सापडले त्यात एकानं लिहिलं होतं की चाल संथ आहे आणि माणसं फार बोलतात. दोन्ही खरं होतं. आम्हाला तो आवडला तो याच दोन गोष्टींसाठी.

अण्णाची पाळी पहाटेची असायची. दुपारी तीनला घरी यायचा, हातपाय धुवायचा, भाकरी खायचा आणि मग दोड्डव्वाची मालिका सुरू व्हायच्या आत आम्हाला दीड तास मिळायचा. कंट्रोलर त्याच्या हातात, डिक्शनरी माझ्या. मी ओळ वाचायची, अडलेला शब्द शोधायचा, मराठीत सांगायची, आणि अण्णा पडद्यावरच्या माणसाला उत्तर द्यायचा. मोठ्यानं! "व्हय काका, येताना बघून येतो." पात्रांना आपली नावं देता यायची. तेलवाहू पोराचं नाव शरणू, औषधपाणी करणाऱ्या मुलीचं कल्पे, तिसरा म्हातारा शिपाई होता त्याला अप्पा. लढाईत एचपी आणि एमपी असे दोन आकडे असतात, एक तब्येतीचा, एक मंत्रशक्तीचा; अण्णानं एचपीला जीव आणि एमपीला पुण्याई करून टाकलं. "कल्पीची पुण्याई संपलीय, धर्मशाळेत चला." दोड्डव्वा स्वयंपाकघरातून विचारायची, कुणाची पुण्याई संपली म्हणून. सेव्ह फक्त विहिरीवर करता यायचं, आणि आमच्याकडं लाईट कधी जाईल याचा नेम नसल्यानं आम्ही विहीर दिसली की आधी तिकडं धावायचो. माझं इंग्रजी सुधारलं ते या दीड तासात. पीयूसीच्या पहिल्या चाचणीत मी निबंधात असले राजेरजवाड्यांच्या काळातले शब्द घातले होते की सरांनी मला उभं करून विचारलं, हे कुठल्या पुस्तकातून? मी सांगितलं नाही.

आता झाकणांचं. ज्यांनी असले गेम खेळलेत त्यांना माहीत आहे की त्यात कुणाच्याही घरात शिरायचं, कोपऱ्यातले रांजण, पेट्या, फडताळं उघडायची आणि सापडेल ते घेऊन चालू पडायचं. घरमालक समोर उभा असतो, काही म्हणत नाही. गेमची रीतच ती. औषधं, हत्यारं, नाणी, निम्मा माल तिथंच असतो. अण्णानं पहिल्याच घरात मी "रांजण उघड" म्हटल्यावर कंट्रोलर मांडीवर ठेवला. "अगं, ती बाई समोर बसलीय अन् आपण तिच्या रांजणात हात घालायचा?" मी म्हटलं, ती खरी नाही. "आपण तर खरे हाव ना." गुहेतल्या, रानातल्या पेट्या तो खुशाल उघडायचा, ते कुणाचं नाही म्हणून. पण घरातलं नाही म्हणजे नाही. शिवाय प्रत्येक घरात दोनदा बोलायचा. एकदा गेल्यावर आणि एकदा निघताना. "न सांगता कसं निघायचं?" यामुळं आम्ही कायम भिकारी आणि अशक्त. जिथं बाकीच्यांना दोन वार पुरत असतील तिथं आम्ही वीस मिनिटं झुंजायचो, अप्पा दर लढाईत आडवा व्हायचा. मी चिडचिड करायचे. अण्णा म्हणायचा, "तुला कामून एवढी घाई? कुठं जायचंय?"

पाचव्या गावात आम्ही अडकलो. गावाच्या वरच्या अंगाला एक मोठं लाकडी दार, त्यापलीकडं पूल, पुलापलीकडं स्तंभ. दाराला कुलूप. किल्लीचा पत्ता नाही. सगळ्या माणसांशी बोलून झालं, चार-चारदा. दोन महिने आम्ही त्या गावात नुसते हिंडत होतो. शेवटी मी बिदरच्या एका सायबर कॅफेत जाऊन गेमची वाटाड्या माहिती शोधली आणि छापून आणली. त्यात एका ओळीत होतं, विहिरीसमोरच्या म्हातारीच्या घरात, दाराच्या डाव्या हाताचा रांजण. मी नाचतच घरी आले. अण्णानं कागद नीट वाचून घेतला, म्हणजे मी वाचला आणि त्यानं ऐकला. मग म्हणाला, "म्हातारीला मागून बघ." मागता येत नाही अण्णा, गेममध्ये तशी सोय नाही. "मग न्हाई." आणि खरंच नाही. त्यानंतरही रोज दुपारी तो खेळायचा. म्हातारीकडं जायचा, तिच्याशी बोलायचा, ती रोज तेच म्हणायची की गुडघे दुखतात आणि वारा फार सुटलाय, तो निघताना परत बोलायचा, आणि मग रानात जाऊन किरकोळ लढाया करायचा. मला हे बघवेना. माझी परीक्षा संपत आली होती, नंतर डिग्रीला कलबुर्गी गाठायची होती आणि शेवट बघितल्याशिवाय मला जायचं नव्हतं.

एका सकाळी अण्णा गोदामावर असताना मी गेम लावला. म्हातारीच्या घरात गेले, रांजण उघडला, किल्ली घेतली. म्हातारी काही बोलली नाही. रांजणाचं झाकण बाजूला पडलं ते तसंच पडून राहिलं. दार उघडलं, पूल ओलांडला, आणि आमची पाठ वळताच मागं पूल कोसळला. त्या गावात परत जायची वाट बंद. पुढं विहीर दिसली, तिथं मी सेव्ह केलं. आमच्या मेमरी कार्डावर सेव्ह करायला एकच जागा धड चालायची, म्हणजे अण्णाचा जुना खेळ पुसून त्यावर माझा बसला. हे सगळं मला माहीत होतं. मला वाटत होतं तो खूश होईल.

तीनला तो आला. मी कंट्रोलर हातात दिला. त्यानं पडद्याकडं बघितलं, नवीन डोंगर, नवीन विहीर. मागं वळून चालत गेला, तुटलेल्या पुलाच्या कडेला उभा राहिला. मग मला विचारलं, "म्हातारीला सांगून आलीस का?"

मी हसले. दुसरं काय करणार होते? अण्णा रागावला नाही, तसं रागावणं त्याला जमायचंच नाही. त्यानं टीव्ही बंद केला, वायरी काढल्या, डबा त्याच हैदराबादच्या टॉवेलात गुंडाळला आणि कपाटाच्या माथ्यावर ठेवला. म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता, तुला फुडं शिकायला जायचंय." चार आठवड्यांनी मी कलबुर्गीला गेले. जाताना माझी डिक्शनरी तिथंच राहिली, का ठेवून आले कोण जाणे.

पुढची वीसएक वर्षं आम्ही सगळं बोललो. त्याचं लग्न, दोड्डव्वाचं आजारपण, माझी नोकरी, माझं लग्न न करणं. यावरून सगळ्या घराण्यानं माझं डोकं खाल्लं, एकट्या अण्णानं कधी विषय काढला नाही. गेमचाही काढला नाही. मीही नाही. एका गेमवरून माफी मागायची म्हणजे काहीतरीच, असं मला वाटायचं. प्रत्येक वेळी नौबादला जाताना बसमध्ये वाटायचं की या खेपेला बोलावं, आणि प्रत्येक वेळी चहा पिऊन परत यायचे. मध्ये कधीतरी मोबाईलवर कुणीतरी टाकलेला त्या गेमचा शेवट बघितला. सगळे स्तंभ पेटतात. बरा होता. त्यात अण्णाचं बोलणं नव्हतं, त्यामुळं मला तो कुणा दुसऱ्याच्याच गेमचा वाटला.

मातीच्या दिवशी आणि गणाराधनेच्या, म्हणजे दिवसकार्याच्या दिवशी घरात माणसांची एवढी गर्दी होती की वहिनींशी धड बोलणं झालं नाही. तीन आठवड्यांनी एका रविवारी पुन्हा गेले. चहा झाला. वहिनी म्हणाल्या, "ताई, त्यांची एक वस्तू तुम्हाला दावायची हाय," आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. कोपऱ्यात जुना, पोट सुटलेला टीव्ही. त्याला जोडलेला डबा. शेजारी माझी डिक्शनरी. गेल्या वर्षी पहिल्यांदा छातीत दुखलं तेव्हा डॉक्टरांनी अण्णाला ओझी उचलायची नाहीत म्हणून सांगितलं होतं आणि गोदामावर त्याला अर्ध्या दिवसाचं बैठं काम दिलं होतं, हे मला ठाऊक होतं. दुपारी घरी तो काय करतो हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. वहिनी सांगत होत्या, "पहिल्यापासून काढला खेळ. मी म्हणलं, तुम्हाला इंग्रजी कुठं येतंय? तर म्हणले, कल्पीनं डिक्शनरी ठिवलीय की. एकेका वळीला अर्धा-अर्धा घंटा लावायचे." मी डिक्शनरी उघडली. पहिल्या पानावर माझं नाव, माझ्या सतराव्या वर्षीच्या अक्षरात. आत पानोपानी शब्दांखाली पेन्सिलीनं कन्नडमध्ये अर्थ लिहिलेले. काही चुकीचे होते. मी मास्तरीण आहे, मला चूक आधी दिसते, आणि तरीही पेन काढावासा वाटला नाही.

मी गेम लावला. सेव्ह उघडलं तर विहीर, आणि विहिरीसमोर म्हातारीचं घर. पाचवं गाव. शरणू, कल्पे, अप्पा, तिघंही भरल्या जिवानं उभे. मी झोळी तपासली. आणि झोळीत किल्ली होती.

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं की, म्हणजे शेवटी अण्णानंही रांजण उघडला. जरा बरं वाटलं, आपण एकटेच नव्हतो म्हणून. आणि त्याच्या पाठोपाठ फार वाईट वाटलं, इतकं की मी कंट्रोलर खाली ठेवला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, घरात गेले. दाराच्या डाव्या हाताला रांजण. झाकण जागेवर. त्या गेममध्ये एकदा उघडलेला रांजण पुन्हा झाकला जात नाही, मी स्वतः बघितलेलं आहे. मी म्हातारीशी बोलले. चौकोनात ओळी आल्या. गुडघे नाहीत, वारा नाही. ती म्हणत होती, किल्ली नीट सांभाळ पोरा. इतक्यांदा आलास आणि माझ्या रांजणाला कधी हात लावला नाहीस... म्हणून शेवटी मीच तुला दिली.

मी त्या ओळी तीनदा वाचल्या. करणाऱ्यांनी ही वाट गेममध्ये ठेवलेली होती. कुणाच्या घरातली एकही वस्तू न घेता, पुन्हा पुन्हा नुसती विचारपूस करत राहणाऱ्या माणसासाठी. मी नंतर खूप शोधलं, मोबाईलवर, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर. कुठल्याच माहितीत ही वाट नाही. गेम कमी लोकांनी खेळला, आणि ज्यांनी खेळला त्यांनी माझ्यासारखंच झाकण उचललं असणार.

"हे मिळालं त्या दिवशी लई खूश होते," वहिनी मागून म्हणाल्या. "लगेच तुम्हाला फोन लावले. मी म्हणलं, आता दार उघडा, फुडं जावा. तर म्हणले, न्हाई, कल्पी आल्यावर. तेव्हापासून तितंच थांबलेत." वहिनी 'थांबलेत' म्हणाल्या, मी त्यांना सुधारलं नाही. त्या चहाच्या कपबश्या घेऊन आत गेल्या आणि मग मला रडू आलं. मोठ्यानं नाही. पण आलं, आणि मी ते थांबवलं नाही. एक फोन, एक रविवार, तीन तासांची बस. पेपर काय, ते नंतरही तपासता आले असते. अण्णानं माझ्यावर कधीच राग धरला नव्हता. वीस वर्षं मी त्याच्या तोंडावर जे शोधत होते ते तिथं नव्हतंच, आणि मी माफी मागितली असती तर त्यानं बहुधा विचारलं असतं, कशाची?

आता मी महिन्यातून एका रविवारी नौबादला जाते. डबा तिथंच ठेवलाय, तो टीव्ही तिथंच आहे आणि वहिनींनाही जरा सोबत होते. त्या जवळ बसून गहू निवडतात, मी ओळी वाचून मराठीत सांगते. दोन खेपा मी गावातच काढल्या. पुढं न्यायचा धीर होत नव्हता, कारण पूल पडला की परत येता येत नाही. गेल्या रविवारी ठरवलं. तिघांना घेऊन वरच्या दारापर्यंत गेले, झोळीतून किल्ली काढली, कुलपाला लावणार तेवढ्यात वळले आणि सगळा उतार उतरून परत खाली विहिरीकडं आले.

वहिनींनी सुपावरून मान वर केली. "काय झालं ताई? दार उघडंना का?"

"उघडतंय," मी म्हटलं. "म्हातारीला सांगून येते."